पावसातली वसई आणि आपलं तारापूर

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून वक्त्यांनी तो लिहून दिला. बोलण्याच्या ओघातल्या काही गोष्टी तशाच ठेवल्या आहेत.)



मला वीस मिनिटं दिली आहेत. वार्षिक सभेत पार्किंगच्या विषयावर मी याहून जास्त वेळ बोललेलो आहे, त्यामुळे जमेल असं वाटतं. चिटणीसांनी विषय दिला होता 'आपला परिसर, आपला इतिहास'. मी म्हटलं, परिसर एमआयडीसीचा, त्याचा इतिहास मी काय सांगणार? कोणत्या प्लॉटवर आधी कोणती कंपनी होती ते सांगू शकेन. पण जुलैमध्ये आपल्या कट्ट्याची वसईची सहल झाली, त्यानंतर हा विषय डोक्यातून गेला नाही. म्हणून त्या दिवसाबद्दलच बोलतो.

सहलीला सव्वीस नावं आली होती. शनिवारी रात्री मोबाईलवर हवामान खात्याचा इशारा आला आणि रविवारी सकाळी बोईसर स्टेशनवर आम्ही अकराजण उरलो. त्यात तीन शाळकरी पोरं. आमच्या सौ. म्हणाल्या, "एवढ्या पावसात पडक्या भिंती बघायला कोण जातं?" प्रश्न बरोबर होता. पण तिकिटं काढून झाली होती, आणि बी विंगमधल्या मावशी, ज्यांचं माहेर वसईला पापडीजवळ, त्या छत्री उघडून तयार उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "वसई बघायची तर पावसातच बघा. उन्हाळ्यात तिथे नुसतं गवत वाळलेलं असतं."

गाडी चाळीस मिनिटं उशिरा. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल आली म्हणून आपण नशीबवान म्हणायचं, नाहीतर ह्या पावसात शटलची वाट बघण्यातच दिवस गेला असता. गाडीत पोरांना गप्प बसवायला मी एक खेळ काढला. स्टेशन आलं की जवळचा किल्ला सांगायचा. पालघर आलं, शिरगाव आणि माहीम. केळवे रोड आलं, केळव्याचा किल्ला आणि तिथलाच पाण्यातला पाणकोट. मागे राहिले ते डहाणू आणि तारापूर. आत डोंगरात अशेरी. पोरं म्हणाली, एवढे किल्ले आपल्याकडे? आणि एकाने विचारलं, "आजोबा, तारापूर म्हणजे आपलं अणुभट्टीवालं?" मी म्हटलं, तेच.

ह्या सगळ्या किल्ल्यांची राजधानी वसई. लक्षात घ्या, हे मी पुस्तकी भाषेत म्हणत नाही. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने १५३४ च्या डिसेंबरात तह करून वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. मुंबईची बेटंही त्यातच गेली. तेव्हापासून २०५ वर्षं पोर्तुगीजांच्या 'उत्तर प्रांता'चं ठाणं वसईला होतं. दमण, चौल, साष्टी आणि आपला हा सगळा किनारा ह्यांचा कारभार तिथून चाले. गोव्याचा व्हाइसरॉय लांब, इथला मोठा अधिकारी 'उत्तरेचा जनरल', आणि तो राहायचा वसईच्या कोटात.

आणि वसई हे बेट. आज लोकलमधून ते कळत नाही. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला उल्हासची खाडी, आणि पूर्वेला ह्या दोन्हींना जोडणारी सोपाऱ्याची खाडी, जी आता गाळाने आणि इमारतींनी भरत आली आहे. वैतरणेच्या पुलावर पोरांना म्हटलं, आता खाली बघा, आपण बेटावर चाललोय. खाली सगळं पाणी चहाच्या रंगाचं झालेलं. किनारा कुठे संपतो आणि नदी कुठे सुरू होते, काही कळत नव्हतं. नकाशात बेट दाखवायला निळी रेघ लागते, त्या दिवशी ती आपोआप दिसत होती.

वसई रोडला उतरून बस धरली. पापडी, झेंडा बाजार, पारनाका करत बस किल्ल्याकडे निघाली. पापडीला मावशींनी खिडकीतून हात दाखवला, "ती आमची वाडी." पावसाच्या पडद्यातून मला फक्त केळी दिसल्या.

ज्यांनी हा किल्ला पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. डोंगरी किल्ल्यासारखं चढायचं काही नाही. तटाच्या आत एक अख्खं शहर होतं, ते पडलेलं आहे. दहाएक बुरूज, जमिनीकडचा एक दरवाजा आणि समुद्राकडचा एक. बालेकिल्ला, घरांच्या भिंती, जेझुइटांचं चर्च, फ्रान्सिस्कनांचं चर्च, डॉमिनिकनांचा मठ, सेंट जोसेफचं कॅथेड्रल. मधून डांबरी रस्ता थेट किल्ला बंदरापर्यंत जातो, त्यावरून कोळी बायका टोपल्या घेऊन जात असतात. कोणी प्री-वेडिंगचे फोटो काढायला आलेलं असतं. त्या दिवशीही एक जोडपं आलं होतं, नवरीचा झगा गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला. आमच्या सौ. म्हणाल्या, "एवढं लग्न टिकलं पाहिजे बाई."

आम्ही आधी गेलो उत्तरेच्या तटाकडे, कारण लढाई तिथली.

लढाईची गोष्ट थोडक्यात सांगतो, पण ज्या ठिकाणी थांबायचं तिथे थांबतो. १७३७ च्या मार्चमध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, साष्टी घेतली. मोहिमेचे प्रमुख चिमाजी अप्पा, थोरल्या बाजीरावांचे धाकटे भाऊ, प्रकृतीने नाजूक. त्याच वर्षी वसईवर शिड्या लावून बघितल्या, पण जमलं नाही. मग १७३८ च्या अखेरीस अप्पा पुन्हा कोकणात उतरले, आणि १७३९ च्या जानेवारीत आपल्या ह्या किनाऱ्यावर एकेक किल्ला पडत गेला. माहीम, केळवे, शिरगाव, डहाणू, तारापूर. वसईच्या वरच्या बाजूचे हात आधी कापले आणि फेब्रुवारीत वसईला मोर्चे लागले.

आता थांबायची जागा. तीन बाजूंना पाणी आणि दलदल. तोफा आणायच्या, खंदक खणायचे, सुरुंग न्यायचे तर उत्तरेची वाळूची पट्टी तेवढी मोकळी. म्हणजे ज्या बाजूने मराठे येणार हे पोर्तुगीजांना पक्कं ठाऊक, तोफा सगळ्या तिकडेच वळवलेल्या. ह्या पट्टीवरून मराठे रोज थोडेथोडे पुढे सरकत होते. हे मी घरी वाचलं होतं. पण तटाखाली उभं राहिलो तेव्हा पाय घोट्यापर्यंत रुतला, चप्पल आत राहिली. चप्पल काढायला वाकलो आणि माझ्या डोक्यात एकदम तारीख आली. १६ मे.

वसईचा तह १६ मे १७३९ चा. शाळेत ती तारीख पाठ केली असेल नसेल. पण आपण बोईसरकर, आपल्याला मे महिन्याची १६ तारीख म्हणजे काय ते कळतं. सोसायटीत त्या सुमाराला काय चाललेलं असतं? गच्चीचं वॉटरप्रूफिंग, गटारं साफ करणं, ताडपत्र्या. पावसाला तीन-चार आठवडे राहिलेले. त्या तीन-चार आठवड्यांत वसई पडली नसती तर त्या वाळूच्या पट्टीचं काय झालं असतं, ते मला त्या चपलेने सांगितलं. खंदकात पाणी, सुरुंगाच्या बोगद्यात पाणी, दारू ओली. तिकडे दिल्लीत त्याच वर्षी मार्चमध्ये नादिरशाह शिरलेला, बाजीराव उत्तरेच्या वाटेवर फौजेची वाट बघत बसलेले, आणि फौज इथे चिखलाच्या काठावर अडकलेली. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे, सगळे इथेच. 'किल्ल्यात मी नाही तर निदान माझं डोकं तरी पडू दे, तोफेच्या तोंडी बांधा', असं अप्पा म्हणाले अशी जी गोष्ट सांगतात, ती खरी की खोटी याच्यात मी पडत नाही. पण कॅलेंडर बघितलं की तशी गोष्ट का तयार झाली असेल ते समजतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात सुरुंग उडवले. तट फुटला, लोक आत घुसले, आणि एक सुरुंग उशिरा उडाला. आपलीच शेकडो माणसं त्यात गेली. तरी सॅन सेबॅस्टियनचा बुरूज हाती आला. आतला पहिला सेनापती आधीच मारला गेला होता. त्याच्या जागी आलेल्या कायतान द सोझा परेरा याने शेवटी तहाची बोलणी केली. पोर्तुगीजांचे मेलेले-जखमी मिळून आठशेच्या आसपास धरतात, मराठ्यांचे पाच हजारांवर. मी कंपनीत शिफ्टला एक माणूस कमी आला तरी रजिस्टरला नाव लिहायचो. ह्या पाच हजारांपैकी नावाने आपल्याला किती माहीत आहेत?

आत वेढलेल्यांचीही दशा काही बरी नव्हती. मुंबईच्या इंग्रजांकडे त्यांनी मदत मागितली. इंग्रजांनी चर्चची चांदी आणि पितळी तोफा तारण घेऊन पैसे दिले. तारण हा शब्द ज्यांना चांगला ठाऊक आहे असे सभासद इथे पुष्कळ बसले आहेत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

तिथून आम्ही कॅथेड्रलमध्ये आलो. छप्पर केव्हाच गेलेलं. पाऊस सरळ आत, भिंतींवर हिरवंगार शेवाळ, कमानीत नेचे उगवलेले. मनोऱ्याचा गोल जिना आहे, पण ओला होता म्हणून पोरांना वर सोडलं नाही. ती भिंतीला टेकून बसली आणि त्यांच्यातल्या एकीने विचारलं, "चर्चला घंटा असते ना? ती कुठे आहे?"

आता ही माझी आवडती गोष्ट. मी सांगायला सुरुवात केली. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराचं देऊळ, तिथली घंटा वसईची. भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीला, नसरापूरच्या बनेश्वरला ज्या मोठ्या पोर्तुगीज घंटा आहेत, त्याही ह्याच मोहिमेतल्या. सरदारांनी विजयाची खूण म्हणून नेल्या आणि देवळांत बांधल्या. आणि मी म्हणालो, "आपण जिंकलो ना, म्हणून आपण घंटा नेल्या." माझा आवाज जरा चढला होता. तिथे आवाज घुमतो.

मावशी कोपऱ्यात उभ्या होत्या. आत आल्या आल्या त्यांनी कपाळाला-छातीला हात लावून क्रूस केला होता. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही 'आपण' म्हणता तेव्हा मी कुठे उभी राहू?"

रागाने नाही. खरंच विचारलं त्यांनी. पंचवीस वर्षं आम्ही एका सोसायटीत आहोत. गणपतीत आरतीचं ताट धरायला त्या असतात, त्यांच्या नाताळाच्या करंज्या आमच्या घरी येतात. आणि मला उत्तर आलं नाही. पोरं माझ्याकडे बघत होती.

मग त्याच बोलल्या. म्हणाल्या, "आमचे लोक ह्या तटात राहत नव्हते. पापडीला होते, केळी लावत होते. पोर्तुगीज आले तेव्हाही तिथेच, अप्पासाहेब आले तेव्हाही तिथेच, गोरा साहेब आला तेव्हाही. तोफा ह्या बाजूने त्या बाजूला जात होत्या तेव्हा मधे कोणाची वाडी होती?" मग पोरीकडे वळून विचारलं, "नाशिकची घंटा अजून वाजते ना गं?" पोरीला काय माहीत. मी म्हटलं, आवाज लांबवर जातो म्हणतात. त्या म्हणाल्या, "मग बरंय. इथे असती तर गंजली असती." पितळ-काशाला गंज चढत नाही असं माझ्या तोंडावर आलं होतं. केमिकल कंपनीत आयुष्य गेलंय. पण गप्प बसलो.

घरी आल्यावर तहाची कलमं पुन्हा वाचली. त्यात आहे की पोर्तुगीज फौजेला आठ दिवसांत हत्यारांसह बाहेर पडू द्यायचं, आणि मागे जे ख्रिस्ती लोक राहतील त्यांना आपल्या धर्माने राहू द्यायचं, काही चर्चेस चालू ठेवायची. २३ मे रोजी फौज बाहेर पडली. मी ही गोष्ट कितीतरी वेळा सांगितली होती, पण त्या कलमाशी कधी थांबलो नव्हतो. माझ्या गोष्टीत फौज होडीत बसली की पडदा पडायचा. मावशींची गोष्ट तिथून सुरू होते. ज्या तहाने बुरुजावर भगवा चढला, त्याच तहाच्या कागदात मावशींच्या वाडीलाही एक ओळ होती.

वसईचं पुढचं चटकन सांगतो. १७८० च्या डिसेंबरात जनरल गॉडर्डने ती घेतली, सालबाईच्या तहाने परत मिळाली, आणि १८०२ च्या ३१ डिसेंबरला ह्याच वसईत दुसऱ्या बाजीरावांनी इंग्रजांशी तो तह केला, ज्यानंतर पेशवाई नावापुरती उरली. चिमाजी अप्पा तर विजयानंतर दीड वर्षात, १७४० च्या डिसेंबरात गेले. किल्ल्यात आता त्यांचा पुतळा आहे. वज्रेश्वरीचं आणि नागेश्वराचं देऊळ आहे, आणि गोन्सालो गार्सिया ह्या वसईच्याच संताच्या नावाचं चर्चही आहे. तो १५९७ साली जपानात नागासाकीला क्रुसावर मारला गेला. वसईचा पोरगा नागासाकीला! आपण बोईसरहून चर्चगेटला जायला कुरकुर करतो.

समुद्राच्या दरवाज्यापाशी आम्ही डबे उघडले. दरवाज्याची जुनी लाकडी दारं आहेत, लोखंडी खिळे मारलेली, त्यांच्या आडोशाला थोडी कोरडी जागा मिळाली. चपात्या, बटाट्याची भाजी, मावशींचा सुक्या बोंबलाचा ठेचा. पलीकडे बंदरावर नांगरून ठेवलेल्या होड्या. बाकी दिवस कसा गेला ते सांगत नाही, भिजलो आणि घरी आलो.

आता तारापूर. मी कऱ्हाड तालुक्यातला. १९८८ साली नोकरीला इथे आलो तेव्हा बोईसरला संध्याकाळी सहानंतर अंधार असायचा. छत्तीस वर्षं झाली, पण 'गाव कुठलं?' म्हटलं की आजही 'कऱ्हाडकडचं' असंच तोंडातून येतं. इथलं मी काही समजत नव्हतो. इथे नोकरी, फ्लॅट, मेंटेनन्स. इतिहास तिकडे कृष्णाकाठी. आमच्या पिढीतले निम्मे लोक असेच बोलतात. कोणी खानदेशचं, कोणी कोल्हापूरचं, कोणी बलियाचं.

सहलीनंतर मी जानेवारी १७३९ ची हकीकत नीट वाचायला घेतली. तारापूरच्या तटाला सुरुंग लावले, एकदोन ठिकाणी तट उडाला, मराठे आत शिरले, आतल्यांनी शेवटपर्यंत झुंज दिली, पोर्तुगीज किल्लेदार पडला. आणि मराठ्यांकडून तिथे गोळी लागून पडलेल्या मोठ्या सरदाराचं नाव बाजी भिवराव. आडनाव रेठरेकर.

रेठरे! आमच्या गावातून सायकलवर जाण्याच्या अंतरावर रेठरे बुद्रुक आहे. मी चहा तसाच ठेवला. मी इथे आलो १९८८ ला, त्याच्या आधी अडीचशे वर्षं रेठरेकर म्हणवणारा माणूस इथे येऊन, आपल्या घरापासून रिक्षाने अर्ध्या तासाच्या आत जो किल्ला आहे, त्याच्या तटाखाली पडला. त्या पाच हजारांपैकी निदान एकाचं नाव मला सापडलं. आणि खरं सांगतो, लगेच दुसरा विचार आला. त्या दिवशी तारापुरातही मावशींसारखी एखादी बाई वाडीत असणार. किल्लेदाराच्या घरचे असणार. छत्तीस वर्षांत मी त्या किल्ल्याच्या बाजूने चिंचणीला शंभर वेळा तरी मासळी घ्यायला गेलो असेन. एकदाही आत डोकावलो नाही.

पुढे पेशव्यांनी तो किल्ला तारापूरच्या विकाजी मेहरजी ह्या पारशी गृहस्थांना इनाम दिला. आजही तो खाजगी मालकीचा आहे, त्यामुळे आत जायचं तर आधी विचारावं लागतं. विचारणं सुरू आहे.

तेव्हा समितीला माझी विनंती एवढीच. वसईच्या वेळी जे पंधराजण पावसाला घाबरून घरी राहिले त्यांची नावं चिटणीसांकडे आहेत. तारापूरला त्यांना आधी घ्यावं. लोकल नको, दोन टमटम पुरतात. पावसाळा संपायच्या आत जाऊ या, कारण मावशींचं म्हणणं तिथेही तेच आहे, पडक्या भिंती ओल्या असतानाच बघायच्या. आणि त्यांनी आणखी एक सांगितलंय, ते खजिनदारांनी लिहून घ्यावं. ठेचा त्या आणतील, पण या वेळी तिथे गोष्ट अर्धी मी सांगायची आणि अर्धी त्या. चप्पल घालून येऊ नका.